कुत्र्यासकट या म्हणणारं अंजर्ल्यातलं घर

"कुत्रा चालेल का?" असं फोनवर विचारलं की कोकणात बहुतेक घरांतून "चालेल की" असंच उत्तर येतं. त्या 'चालेल'चा अर्थ मात्र घरागणिक बदलतो. कुठे तो गोठ्याशेजारी बांधलेला चालतो, कुठे रात्रभर गाडीत चालतो. कुठे खोलीत चालतो, पण फरशी इतकी गुळगुळीत की दमलेलं जनावर उठताना चारही पाय चार दिशांना. दापोली तालुक्यातल्या अंजर्ल्याच्या आगरातलं, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतलं, हे चार खोल्यांचं घर त्यातलं नाही. कुत्र्यासाठी खोल्या दोनच आहेत आणि ओळखीतून येणारेच पुरतात, तेव्हा नाव छापू नका असं मालकांचं म्हणणं. ते पाळलं आहे. इथे जे तपासलं तेच किनाऱ्यावरच्या कुठल्याही घराला लावून पाहता येईल.

केळशीपासून कर्द्यापर्यंत किनाऱ्याने चालणाऱ्याला अंजर्लं मधोमध पडतं. उत्तरेकडून केळशी, उटंबरचा डोंगर, आडे, पाडले असा एक टप्पा इथे संपतो आणि खाडीचा पूल ओलांडून हर्णै, मुरूड, कर्दे असा दुसरा सुरू होतो. दोन्ही टप्पे माणसाला सोपे. कुत्र्याला सोपे नाहीत, आणि म्हणूनच मधला मुक्काम एका रात्रीचा न धरता दोन रात्रींचा धरावा.

आधी खोल्यांबद्दल. नव्या बांधकामातल्या दोन खोल्या फोटोत छान दिसतात, पण त्यांची चकचकीत टाइल कुत्र्याच्या कामाची नाही. कुत्र्यांना देतात त्या जुन्या घरातल्या पडवीलगतच्या दोन, आणि तेच बरोबर आहे. शहाबादी फरशी, जांभ्याच्या जाड भिंती, वर कौलं. फरशी खरखरीत असल्याने पाय घसरत नाहीत आणि दुपारीही गार राहते; चालून आलेला कुत्रा पोट टेकून तासन्‌तास पडून राहतो. वय झालेला, कंबर धरलेला लॅब्रडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर नवी खोली रिकामी असली तरी घेऊ नका. एसी नाही, पंखा आणि मच्छरदाणी आहे. वीज गेली की इन्व्हर्टरवर खोलीतला पंखा आणि एक दिवा चालतो. पलंगावर कुत्रा नको, हा नियम पहिल्याच मिनिटाला सांगतात. त्याऐवजी जुन्या चादरी भरलेलं, तोंड शिवलेलं गोणपाट देतात. ते उन्हात घातलेलं असतं, ओल्याचा वास नसतो. ही बारीक गोष्ट आहे, पण पाहुण्यांच्या कुत्र्याला आंघोळीचा टॉवेल अंथरायला लावणारी घरं यापेक्षा जास्त पैसे घेतात.

सगळ्यात चांगली सोय विहिरीजवळ आहे. तिथे पाण्याची दगडी डोण आणि पंपाला जोडलेला लांब पाइप. समुद्रावरून आलं की घरात शिरण्याआधी कुत्रा इथे धुवायचा, आणि तो नीट धुवायचा. मीठ केसांत राहिलं की कातडी खाजते, कुत्रा चाटत बसतो, मग चट्टे पडतात. पंज्यांच्या बोटांमध्ये वाळू अडकली की दुसऱ्या दिवशी दोन किलोमीटरवरच लंगडणं सुरू. बोटं फाकवून पाणी सोडा, पोटाखाली आणि काखेत सोडा, कानांत मात्र जाऊ देऊ नका. लोंबत्या कानांच्या कुत्र्याचे कान आतून कोरड्या कापडाने पुसून थोडा वेळ उलटे ठेवा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ओला कान दोन-तीन दिवसांत वास मारू लागतो. धुण्याचं पाणी केळी-अळूच्या बनात जातं. त्यामुळे शाम्पू वापरायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. टॉवेल आपला आणावा.

आता कुंपण. पुढच्या बाजूला गडगा आहे, म्हणजे जांभ्याचे चिरे नुसते एकावर एक रचलेले, उंची कमरेच्या जरा खाली. अंगापिंडाने मोठा कुत्रा मनात आणलं तर सहज उडी मारील. बेडं म्हणजे बांबूंचं फाटक; त्याच्या बांबूंमधली फट वीतभर, पण खालच्या भागाला जुनं मासेमारीचं जाळं ताणून बांधलंय, त्यामुळे डॅशहुंड किंवा पिल्लू निसटत नाही. मागीलदार मात्र उघडंच आहे, तिथून आगर आणि आगरातून थेट सुरूच्या बनात जाता येतं. तेव्हा 'आवार बंद आहे' यावर विसंबून कुत्रा मोकळा सोडू नये. शिवाय गडग्याच्या भेगांत फुरसं असतं. रत्नागिरी जिल्ह्याच्या कातळ-सड्यांवर हा साप भरपूर, अंगाने बारका आणि रंगाने मातीत मिसळणारा; भेगेत नाक घालणाऱ्या कुत्र्याला दंश तोंडावरच होतो. अंधार पडल्यावर लघवीला नेतानाही टॉर्च आणि छोटी दोरी हवीच. बिबट्याचा वावर या पट्ट्यात आहे आणि कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. पडवीत बांधून ठेवलेला कुत्रा म्हणजे आमंत्रण. इथे रात्री कुत्रा खोलीत आणि खोलीला आकडी, याबाबत मालक ऐकून घेत नाहीत.

आगरातल्या घरांचे काही धोके शहरातल्या कुत्रेवाल्यांना माहीतच नसतात. पहिला नारळ. कुत्रा माडाखाली बांधू नका. नारळ किंवा सुकलेली झावळी कधी खाली येईल याला वेळकाळ नसतो. इथे बांधायची कडी पडवीच्या खांबाला आहे, ती वापरा. दुसरा, सुपारी. थंडीत खळ्यात सुपारी वाळत घातलेली असते आणि पिल्लांना ती चेंडूसारखी वाटते. सुपारीतलं अरेकोलिन एके काळी कुत्र्यांच्या पोटातले चपटे जंत पाडायला औषध म्हणून देत असत. प्रमाण जास्त झालं की लाळ गळणं, उलट्या, जुलाब, थरथर. इथे खळ्याला कमरेएवढं जाळं लावलेलं आहे, पण दोन-चार सुपाऱ्या घरंगळून बाहेर येतातच. एप्रिल-मेमध्ये तिसरा धोका, आंब्याची कोय. हापूसची कोय मध्यम आकाराचा कुत्रा अख्खी गिळू शकतो आणि ती आतड्यात अडकली तर ऑपरेशनशिवाय सुटका नाही. पंगतीनंतर साली-कोयी उघड्या उकिरड्यावर टाकतात, हा या घराचा खरा दोष. सांगितलं तर झाकण ठेवतात, सांगावं मात्र लागतं. उंदरांसाठी माडांवर किंवा माळ्यावर औषध ठेवलंय का, हेही पोचल्या पोचल्या विचारा.

घरात एक गाय, पाच-सहा कोंबड्या, एक मांजर आणि एक म्हातारा गावठी कुत्रा आहे. फोनवर यातलं काही आपणहून सांगत नाहीत. कोंबड्या तिन्हीसांजेपर्यंत अंगणात मोकळ्या असतात. आपल्या कुत्र्याला पक्ष्यांमागे धावायची खोड असेल तर आधी बोलून घ्या, त्या दिवशी कोंबड्या खुराड्यात ठेवतात. घरच्या म्हाताऱ्याशी ओळख बेड्याबाहेर, रस्त्यावर करून द्यायची, दोघेही दोरीवर, आणि मगच एकत्र आत यायचं. थेट अंगणात सोडलं तर तो आपली जागा राखणारच. आणि गाय म्हटली की गोचीड आलाच. डुंबायचा बेत असेल तर मानेवर लावायच्या गोचिडाच्या औषधाच्या थेंबांपेक्षा तोंडाने द्यायची गोळी बरी, कारण रोज समुद्रात आणि रोज धुणं यात थेंबांचा असर टिकत नाही. गोळी निघण्याआधी दोन-चार दिवस द्या. रोज संध्याकाळी कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवा. घरी परतल्यावर तीन आठवड्यांपर्यंत ताप, जेवण सोडणं, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा काळपट लघवी दिसली तर डॉक्टरांना 'कोकणात गोठ्याशेजारी राहिलो होतो' हे आधी सांगा, म्हणजे ते थेट रक्ताची तपासणी करतील.

जेवणाचं पाहू. घर शाकाहारी आहे. आत अंडंसुद्धा शिजत नाही आणि कुत्र्याला माजघराच्या उंबऱ्यापलीकडे, स्वयंपाकघर-देवघराकडे प्रवेश नाही. मुरूड, अंजर्लं, केळशी या गावांत राहण्याची सोय करणारी कितीतरी घरं अशीच आहेत, तेव्हा 'माझ्या कुत्र्याला चिकन उकडून द्या' ही मागणी करताना भान ठेवावं. यांनी तोड काढली आहे: मागीलदारी वेगळी चूल, वेगळं पातेलं, त्यावर आपली अंडी आपण उकडायची. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ बिनमिठाचा मऊभात आणि ताक किंवा दही मिळतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. भातावर फोडणीचं वरण घालू का, असं प्रेमाने विचारतात, नको म्हणा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो आणि मीठ-तिखट चालून आलेल्या पोटाला झेपत नाही. रोजचं कोरडं खाणं पिशवीतून आणावं आणि मऊभात फक्त पाव भाग मिसळावा. चालण्याच्या दिवशी एकदम खाणं बदललं की जुलाब ठरलेले. भरपेट खाणं चालून आल्यावर तासाभराने. खाऊन लगेच चालवलेल्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो.

माणसांचं जेवण चोख आहे. सकाळी घावन किंवा आंबोळ्या, दुपारी पानात कुळथाचं पिठलं, एखादी फणसाची किंवा केळफुलाची भाजी, सोलकढी. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितले तर, नाहीतर नाही. मासे खायचे असतील तर हर्णैला जावं लागेल.

चालणाऱ्यांची मोठी तक्रार एकच, आणि ती गंभीर आहे: सातच्या आधी चहा मिळत नाही, नाश्ता आठला. कुत्रा बरोबर असेल तर आठला निघणं म्हणजे दिवस वाया घालवणं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंज्यांतून. बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकून बाहेर काढावी लागते, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत धापा टाकण्याचा उपयोग कमी होतो. डिसेंबर-जानेवारीतही फटफटलं की निघून साडेदहाच्या आत सावली गाठावी, उरलेलं साडेचारनंतर. उपाय असा की रात्रीच थर्मास भरून घ्यायचा आणि नाश्त्याऐवजी चपाती-चटणी बांधून मागायची. बांधून देतात, कुरकुर न करता, पण रात्री आठच्या आत सांगितलं तर. वाळूवर हाताची मागची बाजू टेकवून सात सेकंद ठेवता आली नाही तर पंजेही तिथे ठेवू नयेत. कातळावरही हीच परीक्षा घ्या, जांभाही तापतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना या वाटेवर आणूच नये.

वेळ ठरवायला घड्याळाआधी पंचांग पाहावं. कोकणातला जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. मिनिटांचा हिशोब भरतीच्या तक्त्यावरून घ्या, पण बेत ठरवायला एवढं पुरतं. याचा अर्थ अमावास्या-पौर्णिमेपासून चतुर्थी-पंचमीपर्यंतच्या दिवसांत सकाळी ओहोटी असते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं. ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. कुत्र्याच्या पंज्यांना तोच सोसवतो. कोरड्या भुसभुशीत वाळूत त्याची दमछाक माणसापेक्षा जास्त होते. सप्तमी ते एकादशीच्या दरम्यान मात्र सकाळीच पाणी चढलेलं, तेव्हा बराच भाग डांबरी रस्त्याने जावं लागतं. खोल्यांची तारीख शनिवार-रविवार बघून न घेता तिथी बघून घ्यावी, ती सोमवारी आली तर किनाराही रिकामा मिळतो.

उत्तरेच्या टप्प्यात आडे-पाडले ते अंजर्लं हा भाग सुखाचा, समुद्र शेजारी आणि सुरूची सावली अधूनमधून. उटंबरच्या चढावर सावली आणि पाणी दोन्ही कमी. २५ किलोच्या कुत्र्याला बसल्या जागी दिवसाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं, चालताना त्याच्या दुप्पट धरा आणि दर वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो, मग उलट्या-जुलाब, आणि त्यातून आणखी पाणी जातं. टोकांच्या खडकांवरून वळसा घालायचा मोह टाळा. कालवांच्या कपच्या ब्लेडसारख्या असतात, पंजा चिरला की मीठ आणि वाळूमुळे तो दोन दिवस भरत नाही. मोजे आणायचे तर घरी आठवडाभर सवय करून आणा.

दक्षिणेचा टप्पा कर्द्यापर्यंत सुमारे चौदा-पंधरा किलोमीटर. खाडी चालत ओलांडता येत नाही, पुलावरून वळसा आहे आणि पुलावर दोरी आखूड. हर्णैला सुवर्णदुर्ग बघत उभं राहावंसं वाटतं, पण बंदरावर कुत्रा नेण्यासारखी जागा नाही. मासळीचा लिलाव, गावकुत्र्यांच्या टोळ्या, वाळूत गळ आणि जाळ्यातून फेकून दिलेली मासळी. त्या फेकलेल्या मासळीत केंड असतो, तो फुग्यासारखा फुगणारा. त्याच्या यकृतात, गाबोळीत आणि कातडीत जे विष असतं त्यावर उतारा नाही, आणि मेलेला, वाळलेला केंडही तितकाच घातक. 'सोड' ही आज्ञा न समजणाऱ्या कुत्र्याला इथे तोंडाला जाळीचं मुसकं घालून न्यावं. गळ टोचलाच तर ओढू नये, टोक पुढे काढून पकडीने काटा कापून मग मागे घ्यावा. तोंडात खोल असेल तर डॉक्टरच. गावकुत्रे आपली हद्द संपली की थांबतात, तेव्हा पळायचं नाही, काठी जमिनीवर आपटत त्याच चालीने पुढे जायचं. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. तिथली दुर्गादेवी पाहायची तर आळीपाळीने जा. किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी गाड्या, घोडे, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांची गर्दी असते. सकाळी लवकर पार करून कर्द्याकडे सरका.

आळीपाळीचा नियम या घरातही लागू आहे. खोलीत कुत्रा एकटा कोंडून गावातल्या कड्यावरच्या गणपतीच्या देवळात जाता येत नाही. एकट्या माणसाची अडचण होते खरी, पण अनोळखी खोलीत कोंडलेल्या कुत्र्याने दाराची काय गत केली ते दाराच्या खालच्या फळीवर दिसतं.

कासवांबद्दल मालक कडक आहेत ते आवडलं. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालतात आणि पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी समुद्रात जातात. कुत्र्याला वाळूतल्या अंड्यांचा वास बरोबर लागतो. नोव्हेंबर ते मे सूर्यास्तानंतर आणि उजाडण्याआधी इथून कुत्रा किनाऱ्यावर नेऊ देत नाहीत, दिवसाही दोरी सोडायची नाही. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला तर लांबून वळसा घाला आणि सकाळी कासवमित्रांना कळवा. पिल्लं सोडताना बघायला जायचं तर कुत्र्यासोबत एकाने घरी थांबायचं.

कुत्रा आजारी पडला तर दापोलीच गाठायची असं धरून चाला. वीस-पंचवीस किलोमीटर, घाटवळणाचा रस्ता. रिक्षावाल्याचा नंबर मालकांकडे आहे आणि तो कुत्र्याला नाही म्हणत नाही. तोच सामान पुढच्या मुक्कामी पोचवतो, त्यामुळे पाठीवर फक्त पाणी आणि औषधाची पिशवी राहते. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन खेड. कुत्रा फर्स्ट एसीत न्यायचा तर अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी, आणि ती मिळाली की नाही हे चार्ट लागतानाच कळतं. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, पार्सल ऑफिसात बुकिंग करून. डॉक्टरांचा दाखला आणि रेबीजच्या लशीची नोंद जवळ ठेवा. खेडला गाडी मोजकी मिनिटं थांबते आणि गार्डचा डबा टोकाला असतो, तेव्हा सामान आधीच दारात आणून ठेवावं.

दर माणशी नाश्ता-दोन्ही जेवणांसह १,२०० रुपये आणि कुत्र्याचे रात्रीचे २०० रुपये, धुण्याचं पाणी, चूल, गोणपाट धरून. चादर फाटली तर तिची किंमत वेगळी, ती आधी सांगतात. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, कुत्रा घेत नाहीत: आगरात चिखल, गोचीड, आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो. २०२० च्या निसर्ग वादळात या गावांतल्या आगरांची दैना झाली होती, याही आगरात पुन्हा लावलेल्या माड-पोफळी अजून बुटक्या आहेत. त्यामुळे अंगणाच्या पश्चिमेला दुपारनंतर सावली कमी पडते. पडवीच्या पूर्वेकडची खोली मागून घ्या.